कटऑफ काका

मार्कशीट हातात पडली की काका ती लगेच वाचत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तिचा कोपरा धरतात, जरासा ताणतात, दुकानाच्या ट्यूबलाइटकडे धरून पाहतात आणि मग म्हणतात, "धागा बरा हाय. लांबी पाह्यजे तेवढी नाई." समोर उभा असलेला बाप ओशाळतो आणि सांगतो, "काका, हा झेरॉक्स आहे, ओरिजिनल घरी ठेवली." त्याला वाटतं, काका कागदाबद्दल बोलतायत.

ते पोराबद्दल बोलत असतात.

वर्ध्याच्या आर्वी नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर, दुकानदाराने दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी सहा ते नऊ हे गृहस्थ बसतात. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण सांगून उपयोग नाही. त्या नावाने विचारलंत तर नाक्यावरचा एकही माणूस बोट दाखवणार नाही. कटऑफ काका म्हणा, पानवालाही खुर्चीपर्यंत आणून सोडेल. असा एक काका महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. कुठे तो निवृत्त मुख्याध्यापक असतो, कुठे विमा एजंट, कुठे स्वतःच्या मुलाच्या वेळी पर्याय भरताना चुकलेला आणि आता गावातल्या कुणालाच चुकू न देणारा बाप. आमचा तेवढा कापसातला आहे.

म्हणजे काका ग्रेडर होते. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि शेतकऱ्याचा कापूस सरकारनेच घ्यायचा असं ठरलं. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. माणसं गाडीखालीच झोपायची, तिथेच भाकर खायची. मग ग्रेडरसाहेब यायचे, गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे (वरचा कापूस दाखवायचा असतो, खरा खाली असतो), मूठभर बाहेर काढून चिमटीत धागा ओढायचे आणि अर्ध्या मिनिटात घरादाराच्या वर्षाची प्रत सांगून मोकळे व्हायचे. सुपर, एफएक्यू, फर्दड, कवडी. हिंगणघाटला, पुलगावला, देवळीला काकांनी अशा हजारो गाड्या पाहिल्या आणि तितक्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पुढे एकाधिकार गुंडाळला, काका घरी बसले. पण चिमटीची सवय गेली नाही. मग एके वर्षी शेजारच्या मुलाचा सीईटीचा निकाल लागला, कोणीतरी सहज विचारलं, "याले कुठं लागन?" काकांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि कॉलेजचं नाव, फेरीसकट सांगितलं. ते खरं निघालं. तेव्हापासून खुर्ची सुरू आहे.

काकांची वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची जाड खतावणी. चार रकाने. पहिल्यात पोराचं नाव-गाव, दुसऱ्यात गुण, तिसऱ्यात काकांचा अंदाज, चौथ्यात प्रत्यक्ष लागलेलं कॉलेज. अंदाज चुकला तर चौथ्या रकान्यात लाल शाई. लाल शाई फार कमी आहे आणि ती आहे तिथे समासात कारणही आहे: 'व्हॅलिडिटी वेळेत आली नाही', 'बापाने ऐकलं नाही', 'पोट्ट्याने घाईत फ्रीझ केलं', आणि एका ठिकाणी नुसतंच 'बायको' असं लिहिलेलं आहे, ते कोणाच्या बायकोबद्दल हे काका सांगत नाहीत.

खुर्चीभोवतीची भाषा ऐकायची तर कान सरावलेले हवेत. "डोमिसाईल आहे ना? नॉन-क्रिमीलेअर कधीचं? मागच्या मार्चचं? मंग गेलं थे. सेतूत जा, आत्ताच जा." "कॅप राउंड दोनले थांब. पह्यल्या राउंडले जे भेटन थे घेऊन बसू नको." "प्रायव्हेटची फी पाह्यली का? वावर किती हाय?" हा शेवटचा प्रश्न काका अगदी हळू आवाजात विचारतात. बाप जमिनीकडे बघून एकर सांगतो. मग काका वहीचं पान उलटतात आणि सरकारी कॉलेजांकडे येतात.

पर्सेंटाइल समजावून सांगणं हे काकांचं दरवर्षीचं प्रवचन. एमएचटी-सीईटी 2019 पासून पर्सेंटाइलवर गेली. अनेक दिवस, अनेक पाळ्या, प्रत्येक पाळीला वेगळा पेपर, म्हणून गुणांऐवजी तुमच्या मागे किती जण राहिले ते मोजायचं. पण आपल्याकडे शंभरातला आकडा दिसला की त्याला टक्केच समजायची रीत आहे. एकदा नाक्यावर हातभर फ्लेक्स लागला. पोराचा फोटो, खाली सर्वपक्षीय शुभेच्छुक आणि मध्ये '92 टक्के गुण मिळवून घवघवीत यश'. काका त्या फ्लेक्सखाली उभे राहून मोठ्याने म्हणाले, "टक्के नाई हो, हे गाडी रांगेत कुठं उभी हाय त्याचा नंबर हाय. गाडीत कापूस किती हाय थे याच्यात लिह्यलंच नाई." शुभेच्छुकांपैकी एक जण तिथेच होता. त्याने काकांना चहा पाजला आणि फ्लेक्स तसाच ठेवला.

काकांच्या धंद्याची (फी घेत नाहीत, पण धंदाच म्हणायचा) खरी अडचण पोरं नव्हेत, सरकार. काटा दरवर्षी बदलतो. 2013 साली नीट आली, त्याच जुलैत सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. अभियांत्रिकीला 2014 आणि 2015 मध्ये जेईई मेन लागली, 2016 ला पुन्हा राज्याची सीईटी. त्याच 2016 च्या एप्रिलअखेर कोर्टाने नीट परत आणली, 1 मे रोजी पहिला टप्पा झालाही, मग अध्यादेश निघाला आणि राज्यांना त्या वर्षापुरती सवलत मिळाली. काकांनी त्या पानावर सरळ दोन रेघा मारून लिहिलंय: 'या साली अंदाज देऊ नये.' मेडिकलला आमच्याकडे 70:30 चा नियम होता. विदर्भातल्या सत्तर टक्के जागा विदर्भातल्या मुलांना. 2020 च्या सप्टेंबरात तो गेला. मराठवाड्याला त्यातून न्याय मिळाला, हे काकांनाही मान्य आहे. "पण आता लातूरची गाडी आपल्या केंद्रावर लागते न सर. लातूर पॅटर्नचा माल लय भरगच्च राह्यते. आपल्या आष्टी-कारंज्याच्या पोट्ट्याची गाडी अर्धी बी भरली नसते."

यातलं 2024 चं वर्ष मी काकांशेजारी बसून पाहिलं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणजे सायन्सच्या पोरांच्या लेखी मी हजेरीपुरता होतो, आणि माझा भाचा त्या वर्षी नीटला बसला होता. निकाल 14 जूनला लागणार होता. लागला 4 जूनला, ज्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती त्याच दिवशी. नाक्यावरच्या टीव्हीवर वर्धा मतदारसंघाचे आकडे फिरत होते आणि काका मोबाइलवर वेगळेच आकडे वाचत होते. 720 पैकी 720 मिळवणारे 67. काकांनी चष्मा काढून पुसला. मग कोणीतरी 718 आणि 719 गुणांचे स्क्रीनशॉट दाखवले, आणि माणूस ताडकन उठला.

"हे होतच नाई!"

टीव्हीपुढच्या मंडळींना वाटलं, कोणी उमेदवार पडला.

"एका प्रश्नाले चार मार्क. चुकला तं एक वजा. एक सोडला तं 716. एक चुकला तं 715. 718 कुठून आणले यायनं? शंभर किलोच्या काट्यावर एकशे दोन किलो कापूस?" काकांचा हिशेब बरोबर होता. वेळ वाया गेला म्हणून 1563 मुलांना वाढीव गुण दिले गेले होते. नंतर ते काढून घेतले, त्या मुलांना 23 जूनला पुन्हा बसायची मुभा दिली, पेपरफुटीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि जुलैअखेर सुधारित यादी आली तेव्हा पैकीच्या पैकी मिळवणारे 67 चे 17 उरले होते. त्या वर्षी गुण इतके फुगले की भाच्याला गेल्या वर्षीच्या हिशेबाने आरामात सीट देणारे गुण असूनही काकांनी मान हलवली. भाचा बीएस्सीला गेला. अंदाज अचूक, काळी शाई.

पुढच्या वर्षी, मे 2025 मध्ये, पेपर असा आला की देशातल्या पहिल्या मुलालाच 686 मिळाले. आदल्या वर्षीचे कटऑफ पाठ करून बसलेली घरं कोसळली. चारशे-पाचशेच्या घरातले गुण घेऊन रडत येणाऱ्या पोरांना काका म्हणत होते, "रडू नको बावा, देशच रडून राह्यला." वहीतली दोन पानं त्यांनी मला शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. "सर, एका साली सगळा कापूस सुपर, दुसऱ्या साली सगळा फर्दड. असं वावरात होते का कधी? पोट्टे तेच हाय. काटा नाचून राह्यला."

मी म्हटलं, "तरी तुमचे अंदाज बरोबर येतात."

"येतीनच. मी पोट्ट्याचा अंदाज सांगतच नाई न. मी काट्याचा सांगतो."

हे वाक्य बोलून ते स्वतःच जरा दचकले असावेत, कारण त्या संध्याकाळी त्यांनी दुकान अर्धा तास आधी बंद केलं. आणि मी घरी जाताना माझी स्वतःची जुनी गोष्ट आठवत गेलो.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज वर्ध्याहून आठेक किलोमीटर. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ते सुरू केलं. त्याची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीबरोबर एक पेपर महात्मा गांधींचं जीवन आणि विचार यांवर असे. देशात दुसऱ्या कुठल्या मेडिकल कॉलेजने असला पेपर घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कल्पना अशी, की खेड्यात जाऊन काम करील असा डॉक्टर हवा असेल तर नुसती बेडकाची चिरफाड विचारून भागायचं नाही. आत गेल्यावरही पहिले पंधरा दिवस आश्रमात राहायचं, झाडलोट करायची, प्रार्थनेला बसायचं, खादी घालायची. मी त्या परीक्षेला बसलो होतो. आत्मकथा मी तीन रात्रींत संपवली. त्यातलं मला शेळीचं दूध आणि दक्षिण आफ्रिकेतलं एक रेल्वे स्टेशन तेवढं नीट लक्षात राहिलं होतं, आणि पेपरात या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. म्हणून मी मराठी शिकवलं.

नीट देशभर सक्तीची झाल्यावर तो पेपर गेला. मी ही हकिगत काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. "त्या पेपरले मी ओलावा पाह्यणं म्हणतो," ते म्हणाले. "कापूस वरून पांढराशुभ्र दिसते, पण पाणी मारून आणलेला राह्यते. वजन भरते, आतून काळा पडते. त्यायनं ओलावा पाह्याचा प्रयत्न केला, हे बरं केलं. पण गांधींवरबी गाइडं निघालीच असतीन?"

निघाली होती. माझ्याकडेच एक होतं. सत्याग्रहाच्या तारखा त्यात चौकटीत दिल्या होत्या. सेवाभाव चौकटीत बसवणं काकांच्या मते पाणी मारण्याच्या पुढची पायरी आहे. तरीही त्यांचं म्हणणं पडलं, की निदान त्या परीक्षेला माहीत तरी होतं की तिला नेमका कसला डॉक्टर हवाय. आताच्या परीक्षेला विचारा, तुला काय पाहिजे? ती म्हणेल, 720.

इथे काकांचा खरा मुद्दा आला, आणि मी तो जसाच्या तसा देतो, कारण शिक्षणतज्ज्ञांची भाषणं मी पुष्कळ ऐकली, पण हे कोणी इतकं सरळ बोललं नाही.

"मी ग्रेड द्याचो," काका म्हणाले. "मंग थो कापूस जिनिंगले जाये. एका क्विंटलमंधी तेहतीस-चौतीस किलो रुई, बाकीची सरकी. मी सुपर म्हणलेल्या ढिगाचा उतारा कमी आला, की जिनिंगवाला दुसऱ्या दिवशी मले बोलावे. साहेब, काय पाह्यलं तुम्ही? म्हणून माझी चिमटी सुधारे. माझी चूक मले आठ दिवसांत समजे. आता मले सांगा सर, मेडिकलले लागलेलं पोट्टं पुढं काय झालं, हे परीक्षा घेणाऱ्याले कोण सांगते?"

कोणी सांगत नाही. किंवा सांगत असतील तर ते नाक्यापर्यंत येत नाही.

"आणि दुसरी गोष्ट. मी परत पाठवलेली गाडी. तिचा उतारा मले कधीच समजला नाई. थो माणूस कापूस घेऊन कुठं गेला, व्यापाऱ्याले इकला, का सीमेपल्याड नेला, काय रुई निघाली, काई पत्ता नाई. आता मी छातीठोक कसं सांगू का मी परत पाठवलेला कापूस खराबच होता? मी फक्त घेतलेल्या ढिगाचं सांगू शकतो. आणि घेतलेला ढीग सगळाच सुपर. त्याच्यात पुन्हा वर-खाली काय पाह्यता?"

संख्याशास्त्रातली माणसं हाच अडथळा जड शब्दांत सांगतात. निवडून घेतलेल्यांतच मोजमाप केलं, तर प्रवेशाचे गुण आणि पुढचं यश यांचा संबंध आहे त्याहून फिका दिसतो. आणि न निवडलेल्यांचं काय झालं असतं, हे तर कळतच नाही. वर्षानुवर्षं शोधनिबंध लिहिले गेलेत यावर. काकांना हे कापसाच्या केंद्रावर शिव्या खात कळलं.

परत पाठवलेल्या गाड्यांचा विषय निघाला की काका वहीत एक पान शोधतात. आष्टी तालुक्यातली एक मुलगी, वडील शेतमजूर, शाळा जिल्हा परिषदेची, नंतर आश्रमशाळा. गुण मेडिकलला पुरेसे नव्हते. काकांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'लागणार नाही. नर्सिंग पाहावे.' लागलं नाहीच. तिच्याच वर एका वकिलाच्या मुलाची नोंद आहे. नागपूरचा क्लास, दोन वर्षं, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरता गेलेला. तिसरा रकाना: 'सुपर. सरकारी, पहिल्या फेरीत.' बरोबर. तो मुलगा दीड वर्षाने घरी परत आला. प्रेत पाहवत नाही म्हणाला. आणि हे सगळं आईला हवं होतं, मला नाही, असंही म्हणाला. आता तो वर्ध्यातच केक करतो आणि चांगले करतो. काका त्याच्याकडचा केक नातवाच्या वाढदिवसाला आणतात आणि प्रत्येक वेळी खाता खाता म्हणतात, "सुपर." मुलगी नर्सिंगला गेली. मागच्या वर्षी काकांना छातीत दुखलं म्हणून रात्री दवाखान्यात नेलं, तेव्हा वॉर्डात ती होती. तिने काकांना ओळखलं. "तुम्हीच लिहिलं होतं ना, लागणार नाही?" सलाइन लावताना तिने विचारलं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे सुई तिने पहिल्याच झटक्यात लावली आणि दुखलंही नाही, आणि तेच जास्त लागलं.

काकांना परीक्षाच नको आहेत, असा कोणी समज करून घेऊ नये. त्या गोष्टीवर ते भडकतात. "परीक्षा काढली तं काय राह्यते? बापाची ओळख. आणि पाकीट." परीक्षांचा जन्मच मुळी दार उघडण्यासाठी झाला, हे त्यांना पक्कं माहीत आहे. बारावीला कॉपी चालायची, बोर्डांचे गुण वेगवेगळे, म्हणून राज्याची सीईटी आली. खाजगी कॉलेजं आपापल्या परीक्षा घेऊन देणगीची खिडकी उघडी ठेवायची, म्हणून देशाची एकच परीक्षा आली. एकेका पोराने एम्सचा फॉर्म, जिपमेरचा फॉर्म, सेवाग्रामचा फॉर्म भरत आणि प्रत्येक परीक्षेसाठी वेगळ्या शहराच्या गाडीत उभं राहून जायचं, ते थांबलं; 2020 पासून एम्स आणि जिपमेरही नीटमध्येच आले. दार एकच झालं, सगळ्यांसाठी सारखं. मग त्या दाराशी शिकवणीवाल्यांनी शिडी लावली. शिडीला भाडं आहे. वर्ध्याहून नागपूर पाऊण-एक तासावर, पण ते भाडं सगळ्यांना झेपत नाही.

मी काकांना बाहेरच्या जगातलं काय काय सांगत असतो, कारण माझ्याकडे निवृत्तीनंतर वेळ आहे आणि त्यांना ऐकायला आवडतं. तामिळनाडूने 2020 मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या, हे ऐकून त्यांनी वहीत टाचण केलं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 1997 साली ठरवलं की प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठात थेट घ्यायचं, मग ती शाळा शहरातली असो की आडगावची.

"म्हणजे हर केंद्रावरच्या पह्यल्या दहा गाड्या," काका म्हणाले. "हिंगणघाटच्या शंभरमंधून दहा, आन् आष्टीच्याबी शंभरमंधून दहा. हे जमते."

एमआयटीची गोष्ट त्यांना अजून पचलेली नाही. करोनात अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी एसएटी परीक्षेची सक्ती काढली. एमआयटीने ती 2022 मध्ये परत आणली आणि कारण दिलं ते उलटं: परीक्षा नसली की गरीब घरातली हुशार मुलं ओळखताच येत नाहीत, कारण त्यांच्याकडे भारी शाळा, भारी प्रकल्प, भारी शिफारसपत्रं नसतात, गणितातले गुण तेवढे असतात.

"म्हणजे काटा काढून पाह्यला आन् परत बसवला?"

"हो."

"मंग त्यायनं मधल्या काळातला उतारा पाह्यला असन. घेतलेल्या पोट्ट्याईचं काय झालं, थे पाह्यलं असन."

पाहिलं होतं. एमआयटीने आपल्याच विद्यार्थ्यांच्या पुढच्या निकालांवरून ते ठरवलं होतं. काका समाधानाने मागे रेलले. प्लास्टिकची खुर्ची करकरली.

एकदा मी त्यांना आपल्याच गावची गोष्ट सांगितली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि झाकिर हुसेन समितीने नंतर नई तालीमचा आराखडा दिला. त्या समितीला परीक्षापद्धती शिक्षणाला लागलेला शाप वाटत होती. तिचं म्हणणं होतं की एकेका मुलाला पास-नापास करण्यापेक्षा, काही मुलांचा नमुना घेऊन शाळेचंच काम तपासा. काका दोन मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले, "नमुना घ्याचा आन् गाडीवाल्याले नाई, शेतीखात्याले जाब विचाराचा. हे नव्वद वर्सांआधी ठरलंतं? आपल्या वर्ध्यात?" वर्ध्यात ठरलेल्या पुष्कळ गोष्टी वर्ध्याबाहेर गेल्या नाहीत, आणि काही वर्ध्यातही राहिल्या नाहीत. सेवाग्रामच्या रस्त्याने आता जाल तर नीटच्या क्लासचे फलक मोजता मोजता आश्रम येतो.

दवाखान्यातून परत आल्यावर काकांनी खतावणी नव्याने आखली. चार रकान्यांशेजारी पट्टी ठेवून पाचवी रेघ ओढली आणि वर लिहिलं: 'उतारा.' मग जुन्या नोंदींतले फोन नंबर काढून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. लोक आधी घाबरतात. निकालानंतर दहा वर्षांनी कटऑफ काकांचा फोन म्हणजे सीट रद्द झाली की काय असं वाटतं. "काई नाई बावा," काका सांगतात, "काय करून राह्यला एवढंच पुसतो. मन लागते का कामात? पेशंट येते का? झोप येते का?" एक जण पुण्याहून फोनवर रडला. एकीने सांगितलं, मी डॉक्टर झाले पण तुमच्या अंदाजाविरुद्ध झाले, तुमच्या वहीत लाल शाई आहे ना माझी? आहे म्हणाले काका, आणि खाली उतारा लिहिला: 'चोख.'

आजपर्यंत पाचव्या रकान्यात 27 नोंदी झाल्या आहेत. बाकीचे नंबर बदलले, लग्नं झाली, काहींनी उचलला नाही. माझ्या भाच्याला मीच सांगून फोन करायला लावला. त्याच्या रकान्यात काकांनी पेन्सिलने लिहिलंय, 'अजून जिनिंगमध्ये.'

म्हणून हे लिहिलं. वर्धा जिल्ह्यातून, आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर कुठूनही, सीईटी किंवा नीटच्या निकालानंतर कधी या खुर्चीसमोर तुम्ही उभे राहिला असाल, तर एकदा नाक्यावर येऊन जा. लागलं असो वा नसो. संध्याकाळी सहानंतर या, पाऊस असेल तर छत्री आणा, दुकानाच्या आत जागा नाही. मार्कशीट आणू नका.